सप्लिमेंटमधल्या वनस्पती: सुरक्षितता कशी तपासतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोळ्या, कॅप्सूल, पावडरी आणि थेंबांच्या रूपात मिळणाऱ्या अन्नपूरकांत, म्हणजे सप्लिमेंटमध्ये, वनस्पतींचे अर्क असतात. ते घेणाऱ्यांना, बनवणाऱ्यांना आणि या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांना सतत पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे.

वनस्पती तर नैसर्गिक असते. मग तिची सुरक्षितता तपासायची कशाला?

धोतराही नैसर्गिकच आहे आणि कण्हेरही. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते किडीपासून, बुरशीपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून रसायनांच्या जोरावर स्वतःला वाचवतं. ही रसायनं आपल्या सोयीसाठी तयार झालेली नाहीत. त्यांतली काही आपल्याला उपयोगी पडतात, बरीचशी काहीच करत नाहीत आणि थोडी घातक ठरतात. ‘नैसर्गिक’ या शब्दावरून एखादा पदार्थ कुठून आला एवढंच कळतं.

‘अमुक वनस्पती सुरक्षित आहे का?’ याचं हो किंवा नाही असं सरळ उत्तर का मिळत नाही?

कारण प्रश्न अर्धवट आहे. वनस्पतीच्या नावाने फारच थोडं कळतं. कोणती जात, झाडाचा कोणता भाग, कुठे वाढलेला, कशात काढलेला अर्क, रोज किती, किती दिवस आणि कोणासाठी, एवढं सगळं सांगितलं की मगच प्रश्न पूर्ण होतो. मूल्यमापन झाडाचं होत नाही, त्या झाडापासून केलेल्या एका विशिष्ट तयारीचं होतं.

कोरफडीचं पाहा. पानाच्या आतला पारदर्शक गर आणि सालीच्या आतल्या बाजूने पाझरणारा कडू पिवळा चीक एकाच पानात असतात, पण त्यांचं रसायनशास्त्र वेगळं आहे. चिकात ॲलोइनसारखी अँथ्राक्विनोन वर्गातली रेचक संयुगं असतात. अमेरिकेत सालीसकट अख्ख्या पानाचा, कोळशातून न गाळलेला अर्क उंदरांना दोन वर्षं पाण्यातून दिला, तेव्हा मोठ्या जातीच्या उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या. त्यानंतर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अख्ख्या पानाचा अर्क ‘माणसात कर्करोग घडवू शकेल’ अशा 2ब गटात टाकला. कोळशातून गाळून ही संयुगं काढून टाकलेल्या अर्काला हा शिक्का लागत नाही. लेबलवर नुसतं ‘कोरफड’ लिहिलेलं असेल, तर यातलं नेमकं काय बाटलीत आहे हे तुम्हाला कळणार कसं?

वेखंडाची गोष्ट त्याहून चमत्कारिक. एकाच जातीच्या वेखंडाचे गुणसूत्रांच्या संख्येनुसार प्रकार पडतात. उत्तर अमेरिकेतल्या द्विगुणित प्रकारात बीटा-असारोन हे संशयित कर्करोगकारक संयुग जवळजवळ नसतं, युरोपातल्या त्रिगुणित प्रकारात थोडं असतं आणि आशियातल्या चतुर्गुणित प्रकाराच्या तेलाचा तर मोठा हिस्सा तेच असतं. शास्त्रीय नाव एकच, धोका मात्र तिघांचा तीन तऱ्हेचा. अमेरिकेने 1968 मध्ये अन्नात वेखंड वापरायला बंदी घातली ती सरसकट.

लोक शेकडो वर्षं वापरत आले आहेत. हा पुरावा पुरेसा नाही का?

पुरावा आहे, आणि चांगला आहे, पण त्याची पोच मर्यादित आहे. एखादं मूळ खाल्ल्यावर तासाभरात उलट्या होत असतील, तर चार पिढ्यांत ते लोकांच्या लक्षात येतंच. ते मूळ रोज खाऊन वीस वर्षांनी मूत्रमार्गात कर्करोग होत असेल, तर तो आणि ते मूळ यांचा संबंध कोणी कसा लावणार? डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातल्या काही गावांत मूत्रपिंडं हळूहळू निकामी करणारा एक आजार दशकानुदशकं कोडं होऊन बसला होता. गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवणाऱ्या ॲरिस्टोलोकिया वनस्पतीचं बी पिठात मिसळत होतं, हे त्याचं कारण नंतर पुढे आलं. पिढ्यानुपिढ्या पोटात जाऊनही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

शिवाय परंपरा कशाची, हेही विचारावं लागतं. पानाचा काढा आजारपणात आठवडाभर घेण्याची परंपरा असेल, तर त्याच पानाचा अल्कोहोलमधला घट्ट अर्क निरोगी माणसाने वर्षभर रोज घेण्याला ती परंपरा साक्ष देत नाही. तयारी, मात्रा, कालावधी आणि घेणारा माणूस या चारही गोष्टी जुळल्या, तर पारंपरिक वापराला वजन येतं. माझ्या मते बहुतेक सप्लिमेंटच्या जाहिरातींत परंपरेचा उल्लेख असतो तो नेमका या चारांपैकी निदान दोन गोष्टी जुळत नसताना.

मूल्यमापन सुरू कुठून करतात?

ओळखीपासून. हे कंटाळवाणं वाटतं आणि म्हणूनच त्यात चुका होतात.

1990 ते 1992 या काळात बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या कॅप्सूलमध्ये स्टेफानिया टेट्रांड्रा या वेलीचं मूळ असायला हवं होतं. चिनी औषधपरंपरेत त्याला ‘फांग जी’ म्हणतात. पण ॲरिस्टोलोकिया फांगची या दुसऱ्याच वेलीच्या नावातही ‘फांग जी’ आहे. कॅप्सूलमध्ये ती दुसरी वेल गेली. शंभरहून अधिक लोकांची, बहुतांशी स्त्रियांची, मूत्रपिंडं खराब झाली. अनेकांना डायलिसिस लागलं, काहींना प्रत्यारोपण. पुढे खबरदारी म्हणून ज्या 39 रुग्णांची निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रनलिका काढून टाकल्या, त्यांच्यापैकी 18 जणांत कर्करोग आढळल्याचं 2000 मध्ये प्रसिद्ध झालं. ॲरिस्टोलोकिक आम्ल आता निश्चित कर्करोगकारकांच्या गट 1 मध्ये आहे. एवढ्या अनर्थाच्या मुळाशी दोन वेलींचं एकसारखं नाव होतं.

हे जुनं झालं असं समजू नका. 2023 मध्ये अमेरिकेत तेहोकोते या मेक्सिकन फळझाडाचं मूळ म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा नऊ उत्पादनांत पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, निघाली. बिट्टीतली ग्लायकोसाइड नावाची संयुगं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात.

म्हणून तपासणीच्या कागदपत्रांत पहिल्यांदा शास्त्रीय नाव, तेही ते नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावासकट, कुळ, वापरलेला भाग, लागवडीचं किंवा गोळा केल्याचं ठिकाण, कापणीचा काळ आणि जपून ठेवलेला वाळवलेला नमुना एवढं मागतात. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे ईएफएसएने, 2009 मध्ये वनस्पतीजन्य घटकांसाठी जी मार्गदर्शक पद्धत दिली, तिचीही सुरुवात अशीच होते. ती पद्धत दोन पायऱ्यांची आहे. आधी उपलब्ध माहितीवर निर्णय होतो का ते पाहायचं, आणि त्यातून शंका राहिली तरच नव्या चाचण्यांकडे वळायचं. प्रत्येक वनस्पतीसाठी प्राणी मारत बसायची गरज नाही, असा त्यातला समजूतदारपणा आहे.

डीएनए चाचणी केली की ओळख पक्की झाली ना?

वाळलेल्या पानाची किंवा मुळाची असेल तर बऱ्याच अंशी हो. अर्काची असेल तर नाही. उष्णता, विद्रावक (अर्क काढायचा द्रव) आणि गाळणी यांतून जाताना डीएनए तुटतो किंवा उरतच नाही. 2015 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी दुकानांतल्या हर्बल सप्लिमेंटची डीएनए चाचणी करून, अनेक बाटल्यांत लेबलवरची वनस्पतीच नसल्याचं जाहीर केलं. त्यावर वनस्पती-रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी लगेच आक्षेप घेतला की अर्कात डीएनए न सापडणं म्हणजे वनस्पती नसणं नव्हे. उलट बाजूनेही फसगत होते: डीएनए योग्य जातीचा सापडतो, पण मुळाऐवजी स्वस्त पानं घातलेली असतात, आणि पानांचा डीएनए तोच असतो.

म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची ठेवण, संयुगं वेगळी करणाऱ्या पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर उमटणारे पट्टे आणि एचपीएलसी या द्रवातल्या क्रोमॅटोग्राफीचा आलेख यांपैकी किमान दोन पद्धती एकमेकींना दुजोरा देतात का ते पाहतात.

चूर्ण आणि अर्क यांत एवढा काय फरक पडतो?

जवळजवळ सगळाच.

हळदीच्या भुकटीत कर्क्युमिनसारखी संयुगं साधारण 3 टक्के असतात. 95 टक्क्यांच्या अर्काची 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे 475 मिलिग्रॅम. तेवढी संयुगं भुकटीतून मिळवायची तर जवळपास 16 ग्रॅम हळद एका दिवसात पोटात घालावी लागेल. अन्नात रंग म्हणून वापरायच्या कर्क्युमिनसाठी जागतिक तज्ज्ञ समितीने आयुष्यभर रोज घ्यायला चालेल अशी मर्यादा शरीराच्या दर किलोमागे 3 मिलिग्रॅम ठरवली आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 180. एकच कॅप्सूल ती ओलांडून पुढे जाते. ओलांडली म्हणजे लगेच अपाय होतो असं नाही. पण मसाल्यातल्या हळदीचा अनुभव या कॅप्सूलला लागू होत नाही, एवढं नक्की.

त्यात आता मिरीतलं पायपेरीन घालायची पद्धत आहे. 1998 च्या एका अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपेरीन दिल्यावर रक्तातल्या कर्क्युमिनचं प्रमाण वीसपटीच्या घरात वाढलं होतं. शोषण वाढवणं ही विक्रीची भाषा झाली. विषशास्त्राच्या भाषेत त्याचा अर्थ ‘मात्रा वाढवली’ असा होतो, आणि मूल्यमापन त्या वाढलेल्या मात्रेचं व्हायला हवं. 2019 मध्ये इटलीत हळदीची सप्लिमेंट घेणाऱ्यांत यकृताच्या दाहाच्या घटना नोंदल्या गेल्यावर तिथल्या आरोग्य मंत्रालयाने यकृताचा किंवा पित्ताशयाचा विकार असणाऱ्यांसाठी लेबलवर इशारा देणं भाग पाडलं.

ग्रीन टीचं उदाहरण सर्वात चांगलं तपासलेलं आहे. ग्रीन टी पिणाऱ्यांना त्यातल्या ईजीसीजी या कॅटेचिन वर्गातल्या संयुगाचे दिवसाला सरासरी 90 ते 300 मिलिग्रॅम मिळतात आणि ते साधारणपणे सुरक्षित मानले जातात. ईएफएसएने 2018 मध्ये सांगितलं की सप्लिमेंटमधून रोज 800 किंवा त्याहून जास्त मिलिग्रॅम ईजीसीजी घेतल्यास यकृताची विकरं (एन्झाइम) रक्तात वाढल्याचं दिसतं. पेय थोडं थोडं, बहुधा खाण्याच्या आगेमागे घेतलं जातं. कॅप्सूल एकदम आणि अनेकदा उपाशीपोटी घेतली जाते, आणि उपाशीपोटी शोषण जास्त होतं. युरोपीय संघाने 2022 मध्ये नियमच केला की दिवसाच्या मात्रेत ईजीसीजी 800 मिलिग्रॅमपेक्षा कमी हवं आणि उपाशीपोटी घेऊ नये असं लेबलवर छापावं.

विद्रावकानेही चित्र पालटतं. पाण्यात विरघळणारी संयुगं आणि अल्कोहोल, ॲसिटोन किंवा दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये उतरणारी संयुगं वेगळी असतात. पॅसिफिक बेटांवरच्या कावा मुळाचं पेय परंपरेने पाण्यात बनतं. यकृताच्या तक्रारींनंतर 2002 मध्ये जर्मनीने कावाची उत्पादनं बाजारातून काढली तेव्हा तिथे विकले जात होते ते मुख्यतः अल्कोहोल आणि ॲसिटोनमधले अर्क. दोष विद्रावकाचा की खराब कच्च्या मालाचा यावर वाद चालू राहिला आणि 2014 मध्ये तिथल्या न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

‘प्रमाणित अर्क’ म्हणजे सुरक्षित अर्क का?

नाही. एका खुणेच्या संयुगाचं प्रमाण प्रत्येक घाण्यात, म्हणजे एका वेळी तयार केलेल्या मालात, सारखं ठेवलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाकीच्या अर्कात काय आहे हे त्या आकड्यातून कळत नाही.

सुरक्षित मात्रेचा आकडा येतो कुठून?

समजा एका अर्कावर 90 दिवसांचा उंदरांवरचा अभ्यास झाला आणि दर किलोमागे रोज 500 मिलिग्रॅमपर्यंत काहीही वाईट परिणाम दिसला नाही. हा आकडा केवळ समजावण्यासाठी घेतला आहे. उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी त्याला 10 ने भागायचं, माणसामाणसांतल्या फरकासाठी पुन्हा 10 ने. झाले 5 मिलिग्रॅम. अभ्यास फक्त 90 दिवसांचा होता आणि लोक वर्षानुवर्षं घेणार आहेत, म्हणून आणखी 2 ने. आता 2.5. 60 किलोच्या माणसासाठी दिवसाला 150 मिलिग्रॅम.

हे भागाकार शाळकरी वाटतात. खरं कौशल्य असतं ते त्याआधीच्या प्रश्नात: अभ्यासात वापरलेला अर्क आणि विकायचा अर्क तोच आहे का? इथे मला कागदपत्रं वाचताना सर्वात जास्त संशय येतो. एका कंपनीच्या पाण्यातल्या अर्काचा अभ्यास दुसऱ्याच कंपनीच्या तेलकट अर्काला चिकटवलेला असतो, झाडाचं नाव एक आहे या बळावर. रासायनिक आलेख शेजारी ठेवून दोन्ही जुळतात हे दाखवलं नाही, तर तो अभ्यास त्या उत्पादनाचा नव्हेच.

सुरक्षित मात्रा आणि प्रत्यक्ष पोटात जाणारी एकूण मात्रा यांची तुलनाही करावी लागते. एकूण म्हणजे जेवणातून, पेयांतून आणि दुसऱ्या सप्लिमेंटमधून मिळून. कॅसिया जातीच्या दालचिनीत कुमारिन असतं, भुकटीत ग्रॅममागे सरासरी 3 मिलिग्रॅमच्या आसपास. कुमारिनची सहन होणारी मर्यादा दर किलोमागे 0.1 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम, आणि ती साधारण 2 ग्रॅम कॅसियात भरते. दालचिनीची कॅप्सूल घेणारा माणूस खाण्यातली दालचिनी सोडत नाही. सिलोनी दालचिनीत मात्र कुमारिन नावालाच असतं. परत जातीचाच मुद्दा आला.

काही घटकांना ‘सुरक्षित मात्रा’ नसतेच असं म्हणतात. ते कसं?

डीएनएला थेट इजा करणाऱ्या संयुगांबाबत अमुक मात्रेखाली धोका शून्य, अशी रेघ ओढता येत नाही. म्हणून जिवाणूंवरची एम्स चाचणी आणि पेशींवरची सूक्ष्मकेंद्रक चाचणी या दोन चाचण्या वनस्पतीजन्य घटकांच्या तपासणीत फार लवकर होतात. त्यांत इजा दिसली तर पुढचं सगळं गणित बदलतं.

पायरोलिझिडिन अल्कलॉइड हा असा वर्ग. कॉम्फ्रे या औषधी वनस्पतीमध्ये ती असतात, म्हणून अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 2001 मध्ये उत्पादकांना कॉम्फ्रे सप्लिमेंटमधून काढायला सांगितलं. ही संयुगं यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पाडतात. ताग आणि खुळखुळा ज्या क्रोटालारिया प्रजातीत मोडतात, तिच्यातल्या अनेक जातींतही ती असतात. अडचण अशी की एखादी अगदी निरुपद्रवी वनस्पती कापताना शेजारचं असलं तण विळ्याखाली आलं, तरी मालात ती येतात.

अशा वेळी नियामक ‘सुरक्षित’ शब्द टाळतात आणि अंतर मोजतात. प्राण्यांत ठरावीक परिणाम घडवणारी मात्रा आणि माणसाच्या पोटात जाणारी मात्रा यांत दहा हजारपट अंतर असेल, तर चिंता कमी मानायची. पायरोलिझिडिन अल्कलॉइडसाठी संदर्भाची मात्रा दर किलोमागे 237 मायक्रोग्रॅम धरली आहे. 60 किलोच्या माणसाला दहा हजारांनी भागून दिवसाला सुमारे 1.4 मायक्रोग्रॅम उरतात. मिठाच्या एका कणाहूनही कितीतरी कमी.

एका वनस्पतीत शेकडो संयुगं असतात. प्रत्येकाची चाचणी करतात?

शक्य नाही. आधी त्या कुळात आणि त्या प्रजातीत आजवर कोणती घातक संयुगं सापडली आहेत याची यादी पाहतात आणि तीच मुद्दाम शोधतात. ईएफएसएने अशा वनस्पतींचा एक मोठा संग्रहच केला आहे, त्यात कोणत्या भागात काय चिंताजनक आहे ते दिलेलं असतं. यादीत नाव असलं म्हणजे वनस्पती घातक, असं मात्र नाही. तो संग्रह कुठे शोधायचं ते दाखवतो. उरलेल्या अनोळखी अंशासाठी संपूर्ण अर्काचीच चाचणी घेतात, कारण लोकांच्या पोटात जातो तो अर्क.

प्राण्यांवरच्या प्रयोगात काहीच झालं नाही, तरी माणसांना यकृताचा त्रास का होतो?

काही यकृतविकार मात्रेवर कमी आणि माणसावर जास्त अवलंबून असतात. एचएलए-बी 35:01 हा जनुकीय प्रकार ज्यांच्यात आहे, त्यांच्यात ग्रीन टीच्या आणि हळदीच्या सप्लिमेंटनंतरची यकृताची इजा तुलनेने जास्त आढळली आहे. शंभर उंदरांत असा एकही नसतो, हजारो ग्राहकांत काही असतात. म्हणून अशी इजा प्रयोगशाळेत आधी सापडत नाही, बाजारात सापडते. जर्मँडर या रोपट्याच्या कॅप्सूल वजन घटवण्यासाठी घेणाऱ्यांत यकृताचा दाह दिसल्यावर फ्रान्सने 1992 मध्ये त्या काढून घेतल्या. तोवर ती वनस्पती शतकानुशतकं निर्धोक म्हणून वापरात होती.

औषधं चालू असताना घेतलं तर?

हा प्रश्न सर्वात कमी विचारला जातो आणि सर्वात आधी विचारायला हवा.

सेंट जॉन्स वर्ट या मनाच्या उदासीवर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीतलं हायपरफोरिन यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या विकरांचं उत्पादन वाढवतं. मग दुसरी औषधं रक्तातून लवकर नाहीशी होतात. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचआयव्हीवरच्या इंडिनाविरचं रक्तातलं एकूण प्रमाण 57 टक्क्यांनी घटलं. त्याच वर्षी हृदयप्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांच्या शरीराने नवं हृदय नाकारल्याची नोंद झाली, कारण असा नकार रोखणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाची पातळी कोसळली होती. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचाही प्रभाव असाच कमी होतो. वनस्पती स्वतः विषारी नाही, तिने अपाय केला तो दुसऱ्या औषधाला पळवून.

ज्येष्ठमधाचा मार्ग वेगळा. त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक विकर रोखतं, त्यामुळे कॉर्टिसॉल मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखं वागू लागतं. रक्तदाब चढतो, पोटॅशियम घटतं. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी आधीच पोटॅशियम कमी करत असेल तर दोन्हींची भर पडते. युरोपात दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या वर ग्लिसिरायझिन नियमित घेऊ नये अशी शिफारस आहे.

गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळं मूल्यमापन होतं का?

क्वचित. बहुतेक अर्कांबाबत गर्भावर काय परिणाम होतो याची माहितीच नसते, म्हणून लेबलवर ‘घेऊ नये’ असं छापतात. त्या ओळीचा अर्थ ‘अपाय सिद्ध झाला’ असा नाही, पण ‘थोडं घेतलं तर चालेल’ असाही नाही.

शेतापासून बाटलीपर्यंत आणखी काय मिसळू शकतं?

मुळं जमिनीतलं शिसं आणि कॅडमियम ओढतात. दमट जागी साठवलेल्या मालात बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. धुरावर वाळवलेल्या पानांत बेंझो-ए-पायरीन हे कर्करोगकारक येतं. कीटकनाशकांचे अंश असतात आणि अर्क काढताना, विशेषतः तेलात विरघळणारी कीटकनाशकं, घट्ट होतात. दहा किलो पानांचा एक किलो अर्क केला तर फक्त चांगलीच संयुगं दहापट होतात असं थोडंच आहे?

युरोपीय संघात सप्लिमेंटसाठी किलोमागे शिसं 3, कॅडमियम 1 आणि पारा 0.1 मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा आहेत. प्रत्येक घाण्याचा तपासणी दाखला हवा. वर्षातून एकदा केलेली तपासणी म्हणजे एका घाण्याचा दाखला, वर्षाचा नव्हे.

‘शुद्ध हर्बल’ गोळीत औषध सापडतं ते कसं?

मुद्दाम घातलेलं असतं. वजन घटवणाऱ्या गोळ्यांत सिबुट्रामिन, लैंगिक शक्तीच्या गोळ्यांत सिल्डेनाफिल, सांधेदुखीच्या गोळ्यांत स्टेरॉइड. सिबुट्रामिन हे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे 2010 मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं, पण गोळ्यांत अजून सापडतं. वनस्पतीचं मूल्यमापन कितीही चोख असलं तरी हा धोका त्यात दिसत नाही. त्यासाठी तयार मालच तपासावा लागतो. एखाद्या हर्बल गोळीचा गुण तासाभरात दिसत असेल, तर मी कौतुक करण्याआधी शंका घेईन.

निरनिराळ्या देशांचे नियम इतके वेगळे का?

पुरावा कोणी द्यायचा, यावर ते अवलंबून आहे. अमेरिकेत 1994 च्या कायद्याने सप्लिमेंटला विक्रीपूर्व मंजुरी लागत नाही. नवा घटक असेल तर विक्रीच्या 75 दिवस आधी माहिती द्यायची. धोका आहे हे नंतर सरकारने सिद्ध करायचं. इफेड्रा या उत्तेजक वनस्पतीवर तिथे 2004 मध्ये बंदी आली तोवर हृदयाच्या आणि मेंदूच्या गंभीर तक्रारींचा ढीग साचला होता. युरोपीय संघात मे 1997 पूर्वी अन्न म्हणून लक्षणीय वापर नसलेल्या घटकाला आधी मंजुरी घ्यावी लागते, पण जुन्या वनस्पतींच्या याद्या देशोदेशी निराळ्या आहेत. त्यामुळे एकच कॅप्सूल सीमेच्या अलीकडे अन्न असते आणि पलीकडे औषध.

बाजारात आल्यावर मूल्यमापन संपतं का?

खरं तर तेव्हा ते मोठ्या प्रमाणावर सुरू होतं. फ्रान्सने 2009 मध्ये सप्लिमेंटमुळे होणाऱ्या अपायांच्या नोंदीसाठी स्वतंत्र व्यवस्था उभी केली. अमेरिकेत गंभीर तक्रार आली की उत्पादकाने 15 कामकाजी दिवसांत कळवायची असते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार तिथे दरवर्षी सुमारे 23,000 लोक सप्लिमेंटमुळे तातडीच्या विभागात येतात, यात जीवनसत्त्वांच्या गोळ्याही धरल्या आहेत. तरी नोंदी अपुऱ्याच असतात, कारण रुग्ण डॉक्टरांना सप्लिमेंटबद्दल सांगत नाही. ‘औषधं कोणती घेता?’ या प्रश्नात त्याच्या मते हर्बल गोळी येत नाही.

लेबलवर नेमकं काय पाहायचं?

शास्त्रीय नाव, झाडाचा भाग, चूर्ण की अर्क, अर्क असेल तर किती वनस्पतीपासून किती काढला आणि कशात, चिंताजनक संयुगाचं दिवसाच्या मात्रेतलं प्रमाण, कोणी घेऊ नये ते, आणि घाण्याचा क्रमांक. ‘विशेष मिश्रण, 800 मिलिग्रॅम’ असं लिहून खाली बारा वनस्पतींची नावं असतील, तर कोणती किती हे कोणालाच सांगता येणार नाही. त्याचं मूल्यमापन करायला बसलं तर पहिल्याच पायरीवर अडतं.

त्रास झाला तर काय करायचं?

सप्लिमेंट थांबवा, पण बाटली टाकू नका. उरलेल्या गोळ्या, लेबल आणि घाण्याचा क्रमांक जपून ठेवा, कारण आत खरंच काय होतं हे त्यावरूनच शोधता येतं. कधी सुरू केलं, रोज किती घेतलं, सोबत कोणती औषधं होती हे लिहून काढा. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, अन्नावरची वासना जाणं ही यकृताची लक्षणं असू शकतात. छातीत धडधड किंवा चक्कर आली तर वाट पाहत बसू नका. डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या आणि त्यांनी विचारलं नाही तरी ती टेबलावर ठेवा.